शीग, पेव आणि अडलेला हॉपर

सोलापूर,
गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावरचा रविवार

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा फोन ठेवल्यापासून तुझं बोलणं डोक्यात घोळतंय. "काका, विषयवाटपात सगळ्यांनी आपापलं बघून घेतलं आणि उरलेलं मेकॅनिकल ऑपरेशन्स माझ्या गळ्यात टाकलं," असं म्हणालीस. म्हणजे रसायन अभियांत्रिकीतला दाणे, भुकटी, दळणं-चाळणं यांचा विषय. त्यावर कडी म्हणजे विभागप्रमुखांनी 'नावीन्यपूर्ण अध्यापन पद्धती' असा रकाना असलेला फॉर्म हातात ठेवला, आणि एनबीएची, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणारी, मंडळी यायच्या आत भरून मागितला. मी हसलो, त्याचा तुला राग आला असेल. तुला नाही हसलो गं. चाळीस वर्षांपूर्वी मलाही हा विषय कुणीतरी असाच उरकून शिकवला होता, आणि पुढं नोकरीत माझी झोप उडवली ती नेमकी त्यानंच.

फॉर्म भर. सीओ-पीओची, म्हणजे विषयाच्या आणि पदवीच्या अपेक्षित फलितांची, जुळवाजुळव कर, त्यातनं सुटका नाही. २०१४ साली भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायमचा सभासद झाला, तेव्हापासून 'काय शिकवलं ते सांगू नका, पोरांना काय येतं ते दाखवा' हा आग्रह वाढला. आग्रह चांगलाच आहे, कागदावर उतरता उतरता त्याची रया गेली एवढंच. त्या रकान्यात काय लिहायचं ते शेवटाकडं सांगतो. आधी गड्ड्यावर चल.

यंदा नातवाला घेऊन होम मैदानावर गेलो होतो. तो पाळण्यात बसला आणि मी फुटाण्यांच्या भट्टीपाशी रेंगाळलो. काळीकुट्ट कढई, तिच्यात तापून धूसर झालेली वाळू. भट्टीवाल्यानं ओंजळभर हरभरे टाकले, झाऱ्यानं दोनचार वेढे दिले, आणि एवढ्यात तडतड सुरू. तेल नाही, पाणी नाही. हरभऱ्याला चहूबाजूंनी वाळूचे हजारो कण भिडतात, प्रत्येक कण थोडी ऊब देऊन बाजूला होतो, त्याच्या जागी दुसरा तापलेला येतो. मग त्यानं ढवळणं थांबवून कढईला दोन दणके दिले, तसे पुरलेले हरभरे डोकी वर काढून बसले. जाळीच्या झाऱ्यात उपसले, एक हिसका दिला, वाळू खाली, फुटाणे वर, पुडी तयार. वीस रुपये. उष्णतेचं वहन, मिश्रण आणि आकारानुसार वेगळं करणं, अशी तुमच्या अभ्यासक्रमातली तीन प्रकरणं त्यानं अर्ध्या मिनिटात उरकली, आणि वर विचारलं, "आजोबा, खारे का साधे?"

त्या दोन दणक्यांवर एक तास घे. दणका दिल्यावर मोठा दाणा वर का येतो? पोरं म्हणतील, हलका असतो म्हणून. मग त्यांना घरचा चिवड्याचा डबा आठवायला सांग. वर शेंगदाणे, तळाशी मीठ-मसाला. डबा हलला की बारीक कण मोठ्यांच्या फटींतनं खाली झिरपतात, मोठ्याला खाली जायला तेवढी फट कधी मिळतच नाही. १९८७ साली संगणकावर दाणे हलवून हे दाखवलं गेलं. पण १९९३ साली शिकागोच्या मंडळींनी निराळंच दाखवलं. भांडं हलवलं की दाणे मधून वर येतात आणि भिंतीलगतच्या पातळ थरातनं खाली उतरतात. मोठा दाणा मधल्या ओघाबरोबर वर येतो, आणि त्या पातळ थरात मावत नाही म्हणून वरच अडकतो. दोन्ही स्पष्टीकरणं खरी आहेत. कुठल्या भांड्यात, कुठल्या हलवण्याला कुठलं लागू, हे करूनच बघावं लागतं. चिंचोळी एमआयडीसीत औषधाची भुकटी हाताळणाऱ्याला विचार, ड्रममधला पहिला स्कूप आणि शेवटचा स्कूप सारखा आहे हे सिद्ध करताना काय नाकी नऊ येतात ते.

आता भाषेकडं बघ. 'उत्साह शिगेला पोचला' असं आपण म्हणतो. वर्गात विचार, शीग म्हणजे काय? एकालाही सांगता येणार नाही, पैज लावतो. खळ्यावर ज्वारी मोजताना माप काठोकाठ भरून वर जो शंकू उभा राहतो, ती शीग. अजून एक दाणा टाकला की ओघळणार, अशी शेवटची अवस्था. माझी आजी मंगळवेढ्याची. मोजताना 'एक' म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची, मग दोन, तीन. आणि द्यायचं माप शिगेचं की काठाशी सपाट केलेलं, यावरनं माणसाची पत ठरायची. ज्याला तुम्ही अँगल ऑफ रिपोज म्हणता तो कोन या बायांच्या तळहातात होता.

हिशोबच करून दाखव. माप १६ सेंमी व्यासाचं, १२ सेंमी उंच. कोरड्या ज्वारीचा कोन २८ अंश धर. शीग सव्वाचार सेंमी उंच होते. मापात मावतात २,४१० घनसेंमी, शिगेत साधारण २८५. म्हणजे शीग लावून देणारा शंभराला बारा जास्त देतो. आता ज्वारी थोडी ओलसर असेल तर? दाणे एकमेकांना धरतात, कोन वाढतो, शीग उभट होते, माप मोठं दिसतं. आणि तेच माप भरताना जमिनीवर दोनदा आपटलं तर? दाणे बसतात, जास्त मावतात. घेणारा आपटायला सांगायचा, देणारा हळूच ओतायचा. बाजारात यावरनं भांडणं व्हायची आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असायचे.

इथंच मला तुला जे सांगायचंय ते येतं, म्हणून जरा थांबतो.

टाकीतल्या पाण्याला 'तुला कसं ओतलं' असं विचारावं लागत नाही. हळू ओता, धबधबा सोडा, तळाचा दाब ठरतो उंचीवर. दाण्यांचं तसं नाही. तीच ज्वारी, तीच कोठी, तीच उंची. पण मधोमध ओतली की कडेनं, सैल की ठोकून, काल भरली की महिन्यापूर्वी, यावर तिचं वागणं बदलतं. रास आपला इतिहास अंगात बाळगून असते. त्यामुळं सूत्राला हात घालण्याआधी इंजिनिअरनं विचारायचा प्रश्न एकच, 'हे भरलं कसं?' तुमच्या पाठ्यपुस्तकात हा प्रश्न नाही. मी तो एका फिटरकडनं शिकलो, आणि शिकायला फार किंमत पडली. माझ्या खिशातली नव्हे.

नव्वदीची सुरुवात. कुठला कारखाना ते सोड. मैद्यासारखी बारीक कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी साठवायला हॉपर, म्हणजे खाली शंकूसारखी निमुळती होणारी कोठी, हवा होता. डिझाइन माझ्याकडं आलं. जुन्या कपाटात एक ड्रॉइंग सापडलं, दाणेदार मिठाच्या हॉपरचं, साठ अंशांचा कोन, खाली दोनशे मिमीचं तोंड. मिठाला चाललं तर याला चालेल. घनता बदलली, पत्र्याची जाडी तपासली, सही ठोकली. पहिले दहा दिवस हॉपर झकास चालला, कारण रात्रंदिवस चालू होता, माल आत थांबतच नव्हता. मग जोडून सुट्ट्या आल्या. शुक्रवारी संध्याकाळी तो काठोकाठ भरून ठेवला आणि आम्ही घरी गेलो.

सोमवारी स्लाइड गेट, म्हणजे तोंडाचं सरकतं झाकण, उघडलं. बादलीभर माल पडला आणि बंद. हेल्परांनी हातोडे घेतले. (कुठल्याही कारखान्यात गेलीस की आधी हॉपरच्या शंकूकडं बघ. पत्र्यावर हातोड्यांचे खळगे दिसले की समज, डिझाइन करणाऱ्यानं घरी बसून केलंय.) मी शहाणपणा केला, व्हायब्रेटर बसवला. माल अंगावर सांडू नये म्हणून गेट लावून घेतलं आणि वीस मिनिटं चालवला. तोंड बंद असताना हादरे दिले तर मालाला जायला जागा कुठली? आजीचं माप आपटल्यासारखं झालं. आत प्लास्टर तयार झालं.

आमच्याकडं एक वयस्कर फिटर होते. पद्मशाली घरातले, गिरणी बंद पडल्यावर इकडं आलेले. लहानपणापासून मागावर खळ बघितलेला माणूस, त्यामुळं पीठ कसं धरतं, कसं सुटतं, याची जाण हाडात होती. ते येऊन गेटखालच्या मालाची चिमूट बोटांत दाबून बघत राहिले. मला विचारलं, "साहेब, शुक्रवारी भरला कुणी? किती दिवस उभा होता?" मी चिडलो. म्हटलं, त्याचा काय संबंध? ते काही बोलले नाहीत.

दुपारी उत्पादनाचा रेटा वाढला. एक तरणा हेल्पर पहार घेऊन वरून उतरायला निघाला. वरनं माल सपाट, घट्ट, जमिनीसारखा दिसत होता. पण खालनं बादलीभर निघून गेला होता, हातोड्यांनी अजून थोडा ढासळला होता, म्हणजे आत पोकळी होती आणि वर नुसती पापडी. फिटरनी त्याला थांबवलं आणि कमरेला दोर बांधून तो वरच्या बीमला अडकवल्याशिवाय पाय ठेवू दिला नाही. दोघांत बाचाबाची झाली. तिसऱ्या ठोक्याला पापडी गेली. पोरगं छातीपर्यंत आत. दोर नसता तर डोक्यावरनं माल आला असता. तुला वाटेल, ओढून काढायचं. छातीपर्यंत भुकटीत रुतलेला माणूस ओढून निघत नाही, ओढणाऱ्याच्या हातात नुसता त्याचा आरडाओरडा येतो. घमेल्यांनी माल उपसून त्याला मोकळं करायला चाळीस मिनिटं लागली. वाचला. पण पुढं बरेच महिने खोकत होता आणि कामावर परत आला नाही.

चौकशीच्या अहवालात कारण लिहिलं गेलं, 'हेल्परचा निष्काळजीपणा'. त्या कागदाखाली इतर सह्यांबरोबर माझीही सही आहे.

जुने लोक पेव, म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार, उघडलं की लगेच आत माणूस उतरवत नसत. दगड बाजूला करून वारा लागू देत, दिवा सोडून बघत, दिवा विझला की थांबत. कोंडलेल्या धान्याच्या श्वासानं आतली हवा जीवघेणी होते, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडं 'पेव फुटलं' हा वाक्प्रचार तेवढा उरला, कोचिंग क्लासांचं पेव, ॲकॅडमींचं पेव. पेवाबद्दलची भीती आणि अदब गेली. पहिल्या तासाला ही गोष्ट सांग. माझं नाव घालून सांगितलीस तरी चालेल.

त्यानंतर मी अभ्यासाला बसलो. तेव्हा कळलं की माझ्या चुकीवर उपाय १९६४ सालीच छापून आला होता. अँड्र्यू जेनिके नावाच्या, मूळच्या पोलंडच्या इंजिनिअरनं अमेरिकेत युटा विद्यापीठात बसून हॉपरच्या डिझाइनची पद्धतच बांधली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. तोंडाशी भुकटीची कमान तयार होते. ती टिकते की मोडते, हे दोन गोष्टींवर ठरतं: दाबून ठेवल्यावर भुकटीत आलेली ताकद, आणि कमानीला स्वतःच्या वजनानं पडणारा ताण. ताकद जास्त भरली की कमान उभी. आणि ही ताकद माल उभा राहिला की तासागणिक वाढते. त्यानं त्यासाठी कातर देऊन, म्हणजे भुकटीचा एक थर दुसऱ्यावर सरकवून, ही ताकद मोजायचं छोटं यंत्र केलं, आणि मोजलेल्या आकड्यांवरनं तोंड किती मोठं, शंकू किती उभा, हे काढायची रीत दिली. शुक्रवारी भरला कुणी, किती दिवस उभा होता. फिटरनी जे विचारलं, ते जेनिकेच्या आलेखावरचे अक्ष होते. आम्ही पुढं तोंड मोठं केलं, शंकू उभा केला, आतनं गुळगुळीत स्टेनलेसचं अस्तर लावलं, आणि सुट्टीच्या आधी हॉपर रिकामा करायचा नियम केला. परत अडला नाही.

आता प्रयोगाचं बोलू. तुझ्या लॅबला पैसे नाहीत म्हणालीस. लागतच नाहीत.

७५ मिमीचा एक मीटर पीव्हीसी पाइप आण. स्टँडला उभा आवळ, खालचं टोक वजनकाट्याच्या ताटलीपासून केसभर वर राहील असं. ताटलीला टेकता कामा नये आणि फटीतनं दाणाही सुटता कामा नये. आता ज्वारी ओतायला लाग, पावशेर पावशेर. पूर्ण पाइपात साधारण ३.३ किलो मावते. ओतण्याआधी प्रत्येकाकडनं काटा शेवटी किती दाखवेल ते कागदावर लिहून घे, सहीनिशी. सगळे ३.३ लिहितील. काटा अर्धा किलोच्या आसपास अडकेल. वर ओतत राहा, तो ढिम्म हलणार नाही. उरलेली ज्वारी पाइपाच्या भिंतींनी उचलून धरलीय, घर्षणानं.

१८९५ साली जर्मनीत यान्सेन नावाच्या इंजिनिअरनं नमुन्याच्या कोठ्यांत धान्य भरून हेच मोजलं आणि सूत्र दिलं. तळाचा दाब उंचीबरोबर वाढत जाऊन एका ठिकाणी थबकतो, आणि कुठं थबकायचं ते कोठीचा व्यास आणि भिंतीचं घर्षण ठरवतं. आपल्या पाइपात त्या सूत्रातली खूण-उंची जेमतेम १६ सेंमी येते. तिच्या तिप्पट भरलं की पुढचं सगळं भिंतीच्या नावावर. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं खुली केली, ही गोष्ट वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल. त्या कोठारांच्या भिंतींवर काय भार होता, हे एकानंही मनात आणलं नसेल.

पण खरी गंमत पुढं. पाइपाला हलकी टिचकी मार, आकडा उडी घेईल. पाइप केसभर वर उचल, भिंत दाण्यांना वर ओढेल आणि काटा उतरेल. केसभर खाली दाब, काटा चढेल. प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येईल, आणि पोरं तुझ्याकडं येतील, "मॅडम, बरोबर कुठला?" त्या क्षणाची वाट बघ. घाई करून 'प्रायोगिक त्रुटी' म्हणून टाकू नकोस. त्यांना विचारायला लाव, 'तुम्ही ओतली कशी?' एका गटानं धबाधब ओतलेली असेल, एकानं नळकांड्यातनं मधोमध. वर्ग तिथं सुरू होतो. (विद्यार्थीसुद्धा कसे भरले गेलेत यावर कसे वागतात, असं वाक्य इथं लिहायचा मोह झाला होता. आवरला.)

दुसरा प्रयोग पाच मिनिटांचा. तळाला भोक असलेला डबा. पाण्यानं भर, पातळी उतरली की धार मंदावते. ज्वारीनं भर, अगदी संपत आली तरी वेग तोच, म्हणून तर वाळूचं घड्याळ चालतं. भोकाचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट, पण धान्य साडेपाच पटींहून जास्त पडतं, कारण वेग व्यासाच्या अडीचाव्या घातानं वाढतो. आणि भोक दाण्याच्या चारपाच पटींच्या खाली गेलं की अडतंच. हे सूत्र बेवर्लूच्या नावानं १९६१ सालचं म्हणून शिकवतात. पण अडीचावा घात त्याआधी शतकभर, १८५२ साली, हागेननं वाळूवर काढला होता. कोण हागेन? नळीतल्या प्रवाहाच्या हागेन-प्वाझय सूत्रातला, तोच. आपल्या पाठ्यपुस्तकांनी हागेनचा पातळ अर्धा ठेवला आणि दाणेदार अर्धा टाकून दिला. रसायन अभियांत्रिकीच्या शिक्षणाचं काय झालं, ते यापेक्षा नेमकं मला सांगता येत नाही.

तेही थोडं बघून ठेव, कारण 'हा विषय जुनाट आहे' असं तुला स्टाफरूममध्ये ऐकवलं जाणार. १८८७ साली मँचेस्टरमध्ये जॉर्ज डेव्हिसनं बारा व्याख्यानं दिली, तिथनं ही शाखा सुरू झाली म्हणतात. १९१५ साली आर्थर लिटलनं 'युनिट ऑपरेशन्स' हा शब्द आणला; त्यात दळणं, चाळणं, गाळणं हे ऊर्ध्वपातनाच्या मांडीला मांडी लावून होतं. १९२१ ला जादवपूर, १९३३ ला मुंबई, आपल्याकडं तोच साचा आला. मग १९६० साली विस्कॉन्सिनच्या तीन प्राध्यापकांचं पाठ्यपुस्तक आलं आणि सगळं शिक्षण संवेग-उष्णता-वस्तुमान यांच्या देखण्या समीकरणांकडं झुकलं. ती समीकरणं मलाही आवडतात. पण दाण्यांची रास त्यांत बसत नव्हती. मग जे बसत नाही ते सरकवून एका पेपरात कोंबलं आणि रिटिंजर, किक, बाँड ही दळायला किती ऊर्जा लागते ते सांगणाऱ्या नियमांची त्रिमूर्ती पाठ करायला दिली. कारखाने मात्र साखर, सिमेंट, खत, साबण, गोळ्या बनवतच राहिले.

त्या त्रिमूर्तीला फार वेळ देऊ नकोस. पोरांना कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत पाठव. एक किलो ज्वारी जाड, एक किलो बारीक. मोटरचा करंट आणि वेळ लिहून आणा. गिरणीतनं येणारं पीठ हाताला गरम का लागतं, ते विचार. दळायला घातलेली बहुतेक वीज त्या उबेतच जाते, नवा पृष्ठभाग तयार करायला तिचा फार थोडा वाटा पडतो. आणि त्याच गिरणीत दाखव, रवा डब्यातनं सरसर ओतता येतो, पीठ भसकन पडतं नाहीतर पडतच नाही. दाणा दहापट बारीक झाला की वजन हजारपट घटतं, पण कणांमधली ओढ दहापटच. एवढं कळलं की अर्धा विषय कळला. सैल आणि ठोकलेली घनता मोजून ठोकलेलीला सैल घनतेनं भागायला लाव, १.२५ च्या आत असेल तर माल सहसा सरकतो, १.४ च्या पुढं गेला की हॉपर अडणार हे धरून चाल.

संगणकाचं तू विचारलंस. कर, जरूर कर. पीटर कंडल आणि ओटो स्ट्रॅक यांनी १९७९ साली प्रत्येक दाण्याला न्यूटनचा नियम लावायची पद्धत दिली. दाणे भिडले की मध्ये स्प्रिंग आणि धक्का जिरवणारा डँपर आहे असं समजायचं, आणि पुढच्या क्षणी कोण कुठं जाईल ते मोजायचं. पायथनमध्ये पाचशे चकत्यांचा प्रोग्रॅम तिसऱ्या वर्षाची पोरं दोन आठवड्यांत लिहितील. त्यांनी स्वतः लिहावा, तयार सॉफ्टवेअरची बटणं नंतर. मात्र रंगीत व्हिडिओ बघून भुलू नकोस. ५० किलोच्या एका साखरेच्या पोत्यात, स्फटिक एक मिमीचा धरला तर, सहा कोटींच्या घरात दाणे असतात. आणि घर्षणाचे आकडे संगणकाला आपणच पुरवतो. तेव्हा नियम कर: ज्या गटाचा प्रोग्रॅम आधी पाइपातल्या ज्वारीचा काटा दाखवेल, त्यालाच पुढं हॉपर काढायची परवानगी.

आणि कुणी म्हणालं की यात संशोधन उरलं नाही, तर सांग, पाण्यासाठी नेव्हिए-स्टोक्स आहे तसं सर्वमान्य समीकरण दाण्यांसाठी आजही नाही. २००६ साली मार्सेयच्या तिघांनी वाहत्या दाण्यांचं घर्षण एका संख्येत बांधायचा बऱ्यापैकी यशस्वी प्रयत्न केला. बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत केशव राव आणि प्रभू नॉट यांनी, पवईच्या आयआयटीत देवांग खखर यांनी यावर काम केलं, आणि हे सगळे रसायन अभियांत्रिकीचेच प्राध्यापक.

धुळीचा एक तास विसरू नकोस, आपल्या जिल्ह्यात तर नाहीच. पोरांच्या घरचा ऊस कुठल्या ना कुठल्या कारखान्याला जातो. साखर चहात विरघळते तेवढीच निरुपद्रवी. ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका साखर रिफायनरीत साचलेल्या साखरेच्या धुळीनं पेट घेतला आणि १४ माणसं गेली. पहिला भडका छोटा असतो. तो कड्याकपारींवर बसलेली धूळ हवेत उडवतो आणि मग सगळं एकदम पेटतं. साखर ग्रेडरवर चाळून एल, एम, एस होते तिथं उभं राहून पोरांना वर बघायला सांग, खाली नाही. बीमवर काय साचलंय ते बघायचं.

राहिला परीक्षेचा भाग. विद्यापीठाच्या पेपरला तू हात लावू शकत नाहीस. अंतर्गत वीस गुण तुझे आहेत. एका अडलेल्या हॉपरचा फोटो दे आणि लिही, 'ऑपरेटरला कुठले पाच प्रश्न विचाराल?' उत्तरं तपासताना कळेल कोण इंजिनिअर होणार ते. चुकलेल्या अंदाजाचे गुण कापू नकोस. अंदाज न लिहिता कोरा सोडणाऱ्याचे काप.

आणि फॉर्मचा तो रकाना. 'विद्यार्थी प्रयोगाआधी अंदाज लिहून सही करतात,' एवढंच लिही. कुणी विचारलं यात नावीन्य काय, तर पाइप तयार ठेव आणि त्यांनाही सही करायला लाव. मला त्या समितीचे आकडे बघायला आवडतील.

पुढच्या शनिवारी सुट्टी असेल तर ये. काकू म्हणते, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देते. साखर पेठेत माझ्या ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडं पाइप कापून ठेवतो. काटा घरी आहे, पाच किलोचा, ग्रॅमचा आकडा दाखवणारा.

तुझा,
काका

ता. क. पाइप आतनं तेलकट असतो, साबणानं धुऊन चांगला वाळव, नाहीतर घर्षण कमी पडून काटा पाऊण किलोवर जाईल आणि तू मला फोन करशील. ज्वारी मालदांडी घे, पण चाळलेली. न चाळलेलीत कोंडा असतो, तो भिंतीला बसतो. आणि प्रयोग झाला की ती ज्वारी लॅबमध्ये ठेवू नकोस, उंदरं येतात; प्यूनमामांना दे.